पाण्यातले आरोपी

काशीच्या रामघाटावर मराठी माणूस परका ठरत नाही. प्रवाहाच्या वरच्या बाजूला नागपूरकर भोसल्यांचा घाट, खालच्या बाजूला जटार आणि ग्वाल्हेरचे घाट, आणखी पुढे पंचगंगा. मागच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आणि वेदपाठशाळा. घाटावर उभे राहून यात्रेकरू पाण्यात कणकेच्या गोळ्या टाकतात आणि त्यांवर मासे झडप घालतात. याच पाण्यात शहराचे सांडपाणी उतरते, निर्माल्य उतरते आणि थोड्या अंतरावरच्या मणिकर्णिकेची राखही उतरते. आंघोळीसाठी आपल्याकडे ठरलेली मर्यादा अशी, की १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या कॉलिफॉर्म जिवाणूंची गणना २,५०० च्या वर जाता कामा नये. वाराणसीच्या घाटांवर ती किती वेळा आणि किती पटींनी ओलांडली गेली, यावर गेली चाळीस वर्षे वाद, अहवाल आणि खटले चालू आहेत.

माणसाच्या बाजूने हा प्रश्न पुष्कळांनी विचारला. माशाच्या बाजूने फारसा कोणी विचारत नाही. माणूस बुडी मारून बाहेर येतो. मासा त्याच पाण्यात श्वास घेतो, खातो, अंडी घालतो. नदीच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू असतात, आणि हे स्वच्छ नदीबद्दलसुद्धा खरे आहे. मग सगळे मासे आजारी का पडत नाहीत?

एक उत्तर काशीत कोणीही देईल: गंगेचे पाणी जंतू मारते. या उत्तराला एक इतिहास आहे आणि तो भाविकांच्या पोथीतून आलेला नाही. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हा इंग्रज जिवाणूशास्त्रज्ञ त्या काळी आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेत काम करत होता. गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, असे निरीक्षण त्याने १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापले. त्याच वर्षी मार्क ट्वेन काशी-आग्र्याच्या फेरीवर आला होता. हँकिनने काशीच्या घाटांवर गटारांच्या तोंडाशी पाणी भरून घेतले आणि सहा तासांत त्यातले सगळे जंतू मेले, ही हकीकत ट्वेनने आपल्या प्रवासवर्णनात घातली आणि ती जगभर झाली.

पुढे १९१५ साली ट्वॉर्ट आणि १९१७ साली द'एरेल यांनी जिवाणूंना खाणारे विषाणू शोधले. द'एरेलने त्यांना बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. मग मागे वळून हँकिनच्या प्रयोगाचा अर्थ लावला गेला: गंगेत फाज आहेत म्हणून जंतू मरतात. आजही हे वाक्य पाठ्यपुस्तकांत, भाषणांत आणि बाटलीबंद गंगाजलाच्या जाहिरातीत सापडते. गंमत अशी, की हँकिनने स्वतः लिहिलेल्या गोष्टी या अर्थाशी जुळत नाहीत. पाणी उघड्या भांड्यात उकळले की जंतू मारण्याची शक्ती जात असे. हवाबंद भांड्यात तापवले तर ती टिकत असे. उकळी आली की फाज संपतात, मग भांडे उघडे असो वा बंद. हँकिनचा स्वतःचा संशय एखाद्या उडून जाणाऱ्या पदार्थावर होता. २०११ साली स्टीफन एबेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ फ्रेंच लेख पुन्हा बारकाईने वाचला आणि त्यात फाजचा पुरावा म्हणावा असे फारसे काही नाही, असा निर्वाळा दिला.

गंगेत फाज नाहीत असा याचा अर्थ नाही. भरपूर आहेत. पण ते मुळा-मुठेतही आहेत आणि मिठीतही. जिथे जिवाणू तिथे त्यांना खाणारे विषाणू. सांडपाणी जितके जास्त तितके तेही जास्त. शिवाय फाज फार निवडक असतो. पटकीच्या जंतूला खाणारा फाज माशाच्या जंतूकडे ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा रामघाटाखालचा मासा फाजच्या कृपेने जगतो, हे उत्तर बाजूला ठेवू.

खरे उत्तर माशाच्या अंगावर आहे. मासा हातातून निसटतो तो ज्या बुळबुळीत थरामुळे, तो थर सतत तयार होत असतो आणि सतत धुऊन जात असतो. त्यात जिवाणूंची भिंत विरघळवणारी द्रव्ये आणि प्रतिपिंडे असतात. जिवाणू चिकटतो, पण ज्या थराला चिकटला तो थरच निघून जातो. खवले, कातडी, कल्ल्यांची नाजूक पाने आणि आतडे ही सगळी सरहद्द जोवर शाबूत आहे तोवर बाहेरचे दहा लाख बाहेरच राहतात. आणि बहुसंख्य जिवाणूंना माशाशी काही देणेघेणेही नसते.

सरहद्द पडते कशाने? जाळ्यात खरचटल्याने, उवा चिकटल्याने (माशांनाही उवा असतात, त्या सपाट आणि पारदर्शक दिसतात), पाणी एकदम थंड किंवा आम्लधर्मी झाल्याने, प्राणवायू कमी पडल्याने, दाटीने. माशाला ताण आला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल वाढते आणि प्रतिकारशक्ती खाली येते. या बाबतीत तो आपल्यासारखाच. अमेरिकेत काम केलेले पोलिश वंशाचे शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास स्निएश्को यांनी १९७४ साली हे तीन वर्तुळांच्या आकृतीत मांडले: एक मासा, एक जंतू, एक परिसर. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात तिथेच रोग. आकृती इतकी साधी आहे की विद्यार्थी ती परीक्षेपुरती काढतात आणि विसरतात. मत्स्यरोगांतल्या बहुतेक चुका मात्र तिसरे वर्तुळ विसरल्याने झालेल्या आहेत.

सर्वांत मोठी चूक आपल्या डोळ्यांदेखत झाली. १९८८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर त्रिपुरा, आसाम, मेघालय आणि पश्चिम बंगालमध्ये मासे जखमा घेऊन वर येऊ लागले. आधी अंगावर लाल ठिपका, मग खोल व्रण, काहींच्या डोक्याचे हाड उघडे पडलेले. मरळ, खवली, मृगळ, रोहू, कोणी सुटले नाही. नद्या, तळी, भातखाचरे, सगळीकडे तेच. पुढच्या काही वर्षांत हा रोग गंगेच्या खोऱ्यातून वर सरकत उत्तर प्रदेशात आला आणि दक्षिणेकडेही पसरला. लोकांनी मासे खाणे सोडले, बाजार बसले, आणि ज्याचे पोट रोजच्या जाळ्यावर त्या मल्लाहाच्या घरी चूल थंडावली.

व्रणातला नमुना प्रयोगशाळेत गेला की प्रत्येक वेळी एकच नाव बाहेर येई: एरोमोनस हायड्रोफिला. गोड्या पाण्यातला हा नेहमीचा रहिवासी. बशीतल्या खाद्यावर रात्रभरात ठळक वसाहती उभ्या करतो. वैज्ञानिकांनी त्याला आरोपी केले, प्रतिजैविके सुचवली गेली. पण निरोगी माशाला हा जंतू टोचून तसेच व्रण हुकमी उठवता येईनात. खरा गुन्हेगार आत मांसात होता: अफॅनोमायसिस इन्वाडन्स नावाचा, बुरशीसारखा दिसणारा पण बुरशीच्या कुळातला नसलेला जलजीव. तो बशीत फार हळू वाढतो आणि तो वाढायच्या आत एरोमोनस सगळी बशी व्यापून टाकतो. स्नायूंचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्याचे धागे सापडले. जपानात १९७१ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९७२ मध्ये दिसलेला रोग तो हाच, हे १९९० च्या दशकात हळूहळू मान्य झाले. पावसाचे पहिले आम्लधर्मी पाणी कातडी दुखावते, पाणी थंडावते तशी माशाची प्रतिकारशक्ती मंदावते, त्या फटीतून अफॅनोमायसिस शिरतो आणि उघड्या जखमेवर एरोमोनस येऊन बसतो. मासा मरतो तो बहुधा शेवटच्या पाहुण्याच्या हातून. म्हणजे जिवाणू निर्दोष नव्हता; पण दार त्याने फोडले नव्हते.

उपाय निघाला तोही या क्रमाला धरून. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने ‘सीफॅक्स’ नावाचे द्रावण काढले; एक हेक्टर पसरलेल्या आणि एक मीटर खोल पाण्याला एक लिटर. सोबत चुना. तळ्यात हे जमते. वाहत्या गंगेत कुठे आणि किती ओतणार? नदीतल्या माशांना त्या साथीतून कोणी बरे केले नाही. बरेच मेले, उरलेल्यांत थोडीफार सोशिकता आली, आणि आता हा रोग हिवाळ्यात अधूनमधून डोके वर काढतो.

उलट चूकही होते. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. बातमी आली की ‘रोगराई’ हा शब्द येतोच. तिथे रोगाच्या जंतूचा काही संबंध नसतो. पिंड, भात, पीठ, फुले पाण्यात पडली की कुजवणारे जिवाणू कामाला लागतात आणि पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकतात. पहाटे त्याचे प्रमाण अगदी तळाला जाते आणि मासे गुदमरतात. कोल्हापूरच्या पंचगंगेत मासे तरंगतात तेव्हाही पहिला संशय मळीवर आणि सांडपाण्यावर घ्यावा. ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्या जातींचे, लहान-मोठे मासे एका रात्रीत, अंगावर जखम नसताना मेले तर गुन्हा पाण्याचा. एकाच जातीचे, चार-आठ दिवस रोज थोडे थोडे, अंगावर खुणा घेऊन मरत गेले तर जंतूचा विचार करावा. श्राद्धविधी बंद करा, असे मी म्हणणार नाही. पण प्रवाही गंगेत जे खपून जाते ते चारी बाजूंनी बांधलेल्या तळ्यात खपत नाही, एवढे तर यजमानाला सांगता येईल.

आता जिथे जिवाणू खरोखर मुख्य आरोपी असतो तिथे येऊ. ते ठिकाण म्हणजे शेततळे.

महाराष्ट्रात रोहू, कटला, मृगळ हे तिघे आज इतके मुरले आहेत की ते पाहुणे आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. हे गंगेच्या खोऱ्याचे मासे. काशीकडे कटल्याला भाकुर म्हणतात आणि मृगळाला नैन. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यामुळे पूर्वी पावसाळ्यात नदीच्या पुरातून जाळ्यांनी बीज गोळा करत आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने देशभर पाठवत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली, आणि नदीवरचे अवलंबित्व संपले. ती तारीख आजही राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पण बीजाचा प्रवास थांबला नाही. कोलकात्याजवळच्या नैहाटीच्या बाजारातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत बीज महाराष्ट्रापर्यंत येत राहिले, आणि बीजाबरोबर त्या पाण्यातले बाकी सगळे.

तीन नावे ध्यानात ठेवावीत. एरोमोनसने रक्त दूषित झाले की परांच्या मुळाशी लाली येते, पोट फुगते, डोळे बाहेर येतात आणि खवले अंगापासून उभे राहतात. फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेरीने कल्ले कुजतात आणि पाठीवर खोगिरासारखा पांढुरका पट्टा उमटतो. हाताळलेल्या बोटुकलीला (बोटभर पिलाला) हा विशेष घेरतो. तो प्रथम ओळखला गेला तोही शेतीत नव्हे. मिसिसिपी नदीतून पकडून टाक्यांत ठेवलेले मासे मरू लागले, तेव्हा एच. एस. डेव्हिस याने त्याचे वर्णन १९२२ साली केले. नदीत तो जंतू होताच. टाकीने त्याला संधी दिली. तिसरा एडवर्डसिएला, पंगेशियस माशाचा शत्रू. धरणांतल्या पिंजऱ्यांत आणि प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत पंगेशियस वाढला तसा याचा उपद्रवही वाढला.

दाटी हे याचे मूळ. उजनीच्या मोकळ्या जलाशयात एखादी चिलापी (तिलापिया) आजारी पडली तर ती मागे राहते, बगळा किंवा मरळ तिला उचलतो आणि साखळी तिथेच तुटते. तळ्यात आजारी मासा शेजाऱ्यांतच मरतो आणि शेजारी त्याला खातात. खाद्य उरते, अमोनिया वाढतो, रात्री प्राणवायू घटतो. मग दुकानदार औषधाची पुडी देतो. आजारी मासा आधी खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यात मिसळलेले प्रतिजैविक निरोगी माशांच्या पोटात जाते आणि बरेचसे तळाच्या गाळात मुरते. तिथे ते जिवाणूंना तालीम देते, आणि तळ्याचे पाणी ओढ्यात सोडले की तालीम घेतलेले जिवाणू नदीत जातात. कोलिस्टिन हे माणसाचे शेवटच्या फळीतले औषध. २०१९ साली भारताने ते कोंबड्यांसह मत्स्यपालनातही वापरायला बंदी केली. उशिरा केली, पण केली.

पुडीशिवाय मासे वाढवता येतात, हे नॉर्वेने दाखवून दिले. १९८७ साली तिथल्या सामन शेतीत ५० टनांच्या जवळपास प्रतिजैविके जात होती. स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर फुरुन्क्युलोसिस हा एरोमोनसच्याच एका भाईबंदाचा रोग १९८५ मध्ये तिथे शिरला होता, आणि शेतातून पळालेल्या सामनबरोबर तो रानातल्या नद्यांतही गेला. मग तेलात मिसळलेली लस आली. प्रत्येक पिलाला गुंगी देऊन, पोटात सुई टोचून. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण सामन महाग असल्याने तो परवडला. उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही प्रतिजैविकांचा वापर एका टनाच्या आसपास आला. आपल्याकडे मुंबईतल्या वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांनी २०२२ च्या सुमारास कॉलम्नेरिस आणि एडवर्डसिएलाविरुद्धच्या लशींसाठी हात मिळवला. मृगळाच्या बोटुकलीला सुई टोचणे कोणाच्याच हिशेबात बसणार नाही. लस पाण्यातून किंवा खाद्यातून देता आली तरच ती इंदापूरच्या शेततळ्यापर्यंत पोचेल.

फाजसुद्धा या गोष्टीत मागच्या दाराने परत येतो. जपानात तोशिहिरो नाकाई यांच्या गटाने १९९९ मध्ये यलोटेल माशांना आणि पुढे आयु माशांना त्यांच्या त्यांच्या जिवाणूचे नेमके फाज देऊन मरतूक कमी करून दाखवली. गंगेच्या नावावर जे सैलपणे खपवले जाते, ते तिथे मापून, निवडून आणि जोडीला न दिलेल्या माशांचा गट ठेवून केले गेले.

आता नदी आणि शेत उलट्या दिशेनेही जोडले जात आहेत. गंगेतले मूळ मासे कमी झाले. फराक्का बंधारा १९७५ मध्ये झाल्यावर हिलसा काशीकडे फिरकेनासा झाला, आणि जाळ्यात कॉमन कार्प व तिलापियाच जास्त येऊ लागले. म्हणून हॅचरीत वाढवलेली रोहू-कटला-मृगळाची बोटुकली घाटांवरून नदीत सोडण्याचे कार्यक्रम होतात. देशव्यापी मोहिमेची सुरुवात ८ ऑक्टोबर २०२१ रोजी गंगेवरच्याच गढमुक्तेश्वरच्या ब्रजघाटावर झाली. हेतू चांगला आहे. पण सोडणाऱ्यांनी बीज किती लाख, हे सांगताना ते किती दिवस वेगळे ठेवून तपासले, हेही सांगावे. नॉर्वेच्या नद्यांत रोग शेतातूनच गेला होता.

खाणाऱ्याची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. नीट शिजवलेल्या माशात हे जंतू उरत नाहीत. २०१५ साली सिंगापुरात शंभराहून अधिक माणसे स्ट्रेप्टोकोकसच्या एका प्रकाराने आजारी पडली, ती गोड्या पाण्याचा कच्चा मासा खाऊन. आपल्या कालवणाला तो धोका नाही. धोका असतो हाताला: पर टोचून किंवा जखम असताना टाकी घासून मायकोबॅक्टेरियम मरिनम शिरतो, आणि बोटावरची न भरणारी गाठ महिनोन्‌महिने त्रास देते. भोई, कोळी किंवा घरी काचपेटी ठेवणारा हौशी, कोणीही अशी गाठ दाखवताना डॉक्टरांना आपले काम सांगावे. एरवी त्यांना ते सुचत नाही.

तळ्यात मरतूक लागली तर नमुना कसा पाठवायचा, हे जवळजवळ सगळे चुकतात. लोक मेलेला, फुगलेला मासा पिशवीत घालून जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात आणतात. मासा मेल्यावर काही तासांत त्याच्या आतड्यातला एरोमोनस साऱ्या शरीरात पसरतो, मग तो मासा कशानेही मेलेला असो. बशीत पुन्हा तेच नाव उगवते. प्रयोगशाळेला हवा असतो कडेला येऊन मंद पोहणारा, अजून जिवंत असलेला मासा. तळ्याच्याच पाण्यात, प्राणवायूच्या पिशवीत, शक्य तर चार-पाच. ते जमत नसेल तर नुकताच मेलेला, कल्ले अजून लाल असलेला मासा बर्फावर ठेवून, पण बर्फात गोठवून नव्हे. सोबत वेगळ्या बाटलीत तळ्याचे पाणी. २०२३ पासून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे सरकारी ॲपही आहे, त्यावर फोटो टाकून तज्ज्ञाला गाठता येते. आणि एका कागदावर लिहावे: कोणत्या जातीचे मासे मरतात, किती दिवसांपासून, बीज कुठून आणले, गेल्या आठवड्यात पाऊस पडला का, खाद्य किती टाकले, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते का. बशी बघण्याआधी तज्ज्ञ तो कागद वाचतो.